गप्पी मासे सोडण्याची अट

८ एप्रिल २००८, मंगळवार

पाहणी झाली. भूजलच्या मॅडम, आरोग्यवाले आणि तलाठी, एकाच जीपमधून. आले तेव्हा तोंडं वाळलेली, गेले तेव्हा हसत. उन्हात आधी पाणी द्यायचं, कागद मागून काढायचा. कापसाच्या जिनिंगमधे हमाली करत होतो तेव्हाच शिकलो हे.

माझा आनंदनगर ले-आउट मंजूर होणार, पण अटी. नाल्याकडची पट्टी मोकळी सोडा. मुरूम नाल्यात ढकलू नका (ढकलला होता. मॅडमनं पाहिला, मी आभाळाकडे पाहिलं). झाडं लावा आणि जगवा. बोअर मारायचा नाही, कारण गावची पिण्याची विहीर जवळ, तिचं पाणी ओढलं जाईल. वसाहतीला पाणी ले-आउटमधल्याच जुन्या विहिरीचं. तिच्यावर जाळी आणि आत गप्पी मासे, डासांची अंडी खायला.

"मासे कायले मॅडम? एक डास दाखवा अन् प्लॉट घेऊन जा."

त्या वाकून बघत राहिल्या. "खरंच की. शेवाळसुद्धा नाही."

"दूध हाये जी, दूध!"

आरोग्यवाले म्हणे, "राऊतभाऊ, नियम म्हणजे नियम. विहीर तिथं गप्पी."

असो. बोअरचा खर्च वाचला. अटी मी समजत होतो त्याहून हलक्या निघाल्या.

९ एप्रिल

दोन गिऱ्हाइकं आणली. माझी रीत ठरलेली. प्लॉट नंतर, आधी विहिरीवर चहा. मिस्त्री तिथंच चूल मांडून ठेवतो. यवतमाळात नळाची वाट बघणाऱ्या माणसाला गोड्या पाण्याचा चहा पाजला की तो रस्त्याची रुंदी विचारत नाही.

मेश्राम गुरुजींचं घर हे एकच उभं राहिलंय अजून. होळीपासून राहतात. त्यांच्या बायकोचे, सुजाताबाईंचे, दिवस भरत आलेले, त्यामुळे गुरुजींची आईच पाणी भरते. मी म्हटलं, "माय, मोटर बसवून देतो." तर म्हणे, "नोको भाऊ. मले काढू दे. इथी कोनाले पुसा लागत नाही." दोर सोडते आणि एकटीच हसते. तिच्या लहानपणी तिच्या मायला पाटलाच्या विहिरीवर कोणी ओंजळीत पाणी ओतेपर्यंत बसून राहावं लागे. गुरुजींनीच सांगितलंय मला. याच कारणानं हा प्लॉट घेतला त्यांनी. सगळ्यांना एकच विहीर.

१२ एप्रिल, शनिवार

घाटंजीच्या हिवताप ऑफिसातून मासे आणले, दुधाच्या कॅनमधे. काळसर, बारीक, चवळीच्या दाण्याएवढे. नारळ फोडून सोडले. मिस्त्री म्हणे, "शेठ, यायले बी प्लॉट देल्ला म्हना." हसलो सगळे.

सुजाताबाईंचं डोकं जड राहतं म्हणे, आणि तोंडाला पाणी सुटतं. माझी बायको इंदू म्हणाली, पोटुशी बाईला होतं तसं.

१३ एप्रिल

सगळे मेले. पांढरी पोटं वर.

सकाळी लवकर गेलो होतो म्हणून बरं. चाळणी दोराला बांधून काढत होतो तोच गुरुजींची आई घागर घेऊन हजर.

"मासे झोपले काय जी?"

"उन्हानं मेले माय. कॅन तापला काल."

"हाव, ऊन लय हाये." घागर भरली आणि गेली. मी पाहत राहिलो. तापला असणारच कॅन. पत्र्याचा होता.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक घाटंजीहून मुद्दाम ले-आउटपर्यंत आली, गुरुजींच्या नव्या घराला मान म्हणून. विहिरीच्या पाण्याचा पिंप भरून सरबत. पोरं, म्हातारे, बँडवाले, सगळे प्याले. मला गुरुजींनी स्वतःच्या हातानं ग्लास दिला. "जय भीम भाऊ, आमच्या विहिरीचं आहे." प्यालो. दुसराही घेतला.

१६ एप्रिल

 

पुन्हा मासे आणले. यावेळी ओलं पोतं गुंडाळून, गाडी हळू चालवत, कॅन सावलीत. विहिरीत टाकले नाहीत. दोन बादल्या घेतल्या, एकीत घरचं नळाचं पाणी, दुसरीत विहिरीचं. दोन्हींत मासे सोडून निंबाखाली ठेवल्या आणि मिस्त्रीशी दरवाज्यांबद्दल बोलत बसलो. मान वळवायची नाही असं ठरवलं होतं.

वळलो तेव्हा नळाच्या बादलीत पळापळ चालू. विहिरीच्या बादलीत एक गोल गोल फिरत होता, आडवा. बाकीचे फिरत नव्हते.

मिस्त्रीनं हातातला चहा बाजूला ठेवला. याच पाण्याचा. 

डास नाही, शेवाळ नाही. बेडूकही कधी पाहिला नाही मी त्या विहिरीत. आणि मी लोकांना वाकवून वाकवून दाखवत होतो. पाहा, किती चोख! अरे, ज्या पाण्यात काहीच जगत नाही त्याला मी चोख म्हणत होतो.

गुरुजींकडे धावलो. म्हटलं, ब्लिचिंग जास्त पडलंय, विहिरीला हात लावू नका, टँकर पाठवतो. सुजाताबाई दारात उभ्या. "भाऊ, ब्लिचिंगचा वास तं नाही येत." नजर चुकवून मी टँकरवाल्याला फोन लावला.

घरी इंदूला सांगितलं. ती म्हणाली, "खरं काहून नाही सांगतलं त्याईले?"

"खरं काय हाये ते मले तरी कुठी माहीत हाये?"

"मासे मेले हे तं माहीत होतं ना रविवारीच."

जेवलो नाही.

१७ एप्रिल

बाटल्या स्वतः भरल्या, स्वतः यवतमाळला नेल्या. भूजलच्या मॅडमला खरं सांगितलं. त्यांनी बाटल्या उजेडात धरल्या. मग, "तुम्ही पाहणीला आम्हाला पाजलंत ते..."

"हाव मॅडम. तेच."

त्यांनी टेबलावरचा ग्लास उगीच सरकवला. रिपोर्ट येईपर्यंत ले-आउटची मंजुरी थांबवली. मी एरवी हुज्जत घातली असती.

 

२० एप्रिल, रविवार

गावातल्या चक्कीला लागून सायकलचं दुकान, तिथं बसलो होतो. चक्कीवर दळणाच्या रांगेत बाया. इंजिनाच्या आवाजात त्यांना वाटतं कोणाला ऐकू जात नाही. मला जातं. जिनिंगच्या खडखडाटात शेठ लोकांची कुजबुज ऐकत ऐकतच तर वर आलो.

एक म्हणाली, "राऊतच्या विहिरीत मासे मेले म्हनते."

दुसरी, "त्यायले बी प्लॉट महाग पडला असन!" हसल्या सगळ्या.

मग पहिली, "गुरुजीची बायको तेच पानी पेऊन राह्यली होती ना वं, होळीपासून."

आणि हसू तुटलं. एकदम, सगळ्यांचं. बचत गटाची शेवंताबाई, कोणाचं ऐकून घेणारी नाही ती, म्हणाली, "पेऊन राह्यली? ते विहीर? पेयाले?"

 शेवंताबाईनं पिठाचा डबा उचलला आणि निघाली. निम्मी ज्वारी अजून वर चक्कीतच होती. दळण अर्धं टाकून बाई कधी जात नाही.

मासे मेले याचं तिला नवल वाटलं नाही. लोक पीत होते, याचं वाटलं.

२१ एप्रिल

शेवंताबाईकडे मी जाणारच होतो. तीच आली. पुढच्या दारानं नाही, मागून, इंदूकडे. स्वैपाकघरात जमिनीवर बसली. इंदूनं पाणी दिलं, तिनं हातात धरून ठेवलं.

"भाऊ, आधी सांगा, गुरुजीनबाई कशा हायेत?"

"तपासणीले पाठवलं. सांगा."

तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवतो, माझ्यानं नीट नाही सांगवणार.

"दोन सालाखालची गोठ. कापूस घरात, कोनी भावानं घेईना. आजूबाजूच्या गावाईतून रोज एक बातमी. फवाऱ्याचं जहर पेला, फवाऱ्याचं जहर पेला. आमी बाया निंदाले गेलो का एकमेकीले पुसो, तुह्या घरी डब्बा कुठी ठेवते वं? तुह्या मानसाचं ध्यान ठिकानावर हाये ना? झोप नाही, काही नाही. मंग ठरवलं. ज्याच्या घरी जे असन ते शेनाच्या टोपल्यात घ्याचं, वरून शेन, अन् त्या विहिरीत टाकाचं. ते वावर पडीत होतं, मालक पुसदले निघून गेलता. कोनी पेत नव्हतं भाऊ. पेत असते तं टाकलं असतं काय आमी?"

इंदूनं विचारलं, "अन् मानसं? त्याईनं इचारलं नाही?"

"इचारलं. मारलं बी. उंदरानं पाडलं म्हनलं, चोरी गेलं म्हनलं. पुन्हा आनलं, पुन्हा नेलं. पिकाले अळ्या खाऊन राह्यल्या तं खाऊ दे म्हनलं."

मग माझ्याकडे पाहून, "आमच्या गावातून कोनी गेलं नाही भाऊ त्या साली."

हे मला माहीत होतं. त्या साली घाटंजीच्या बाजारात मीच म्हणालो होतो, हे गाव नशिबाचं आहे. नशीब म्हणे! टोपल्या वाहत होत्या बाया.

"कोनाकोनाच्या घरचं होतं?"

"सारी नावं मी नाही सांगनार. माहं घ्या. लागन तं पोलिसाले बी माहंच द्या."

ती गेल्यावर इंदू चुलीपुढून उठेना. म्हणाली, "म्या बी हेच केलं असतं." मग, "पर गुरुजीची बायको..." 



२४ एप्रिल

रिपोर्ट. कपाशीवर मारतात तेच औषध, पाण्यात. डबे गंजून फुटले असणार, यंदाच्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तसं दाट झालं. मॅडमच्या आता नव्या अटी: विहीर उपसा, गाळासकट सगळं बाहेर काढा, पंचनामा होईल. उपसलेलं पाणी नाल्यात नाही, ताडपत्री टाकलेल्या खड्ड्यात. नाल्यात सोडलं तर गावच्या विहिरीत जाईल.

मी म्हटलं, "मॅडम, पह्यल्या वेळी नाल्याची अट वाचून मी हसलो होतो."

"मला दिसलं होतं," म्हणाल्या.

२५ एप्रिल

गुरुजींना खरं सांगितलं. ब्लिचिंग नव्हतं, विष आहे. कोणी टाकलं ते सोडून सगळं.

ओरडतील असं वाटलं होतं. टँकरचं पाणी असूनही माठ उचलला, अंगणात नेला, उलटा केला. आई आतून बघत होती. मग माझ्याजवळ येऊन हळू बोलले, शाळेतलं शुद्ध बोलणं सोडून. "माह्या मायनं जिंदगीत पह्यल्यांदा कोनाले न पुसता पानी काढलं भाऊ. अन् ते असं निघालं."

जागा परत घेतो म्हणणार होतो. रिकामा माठ उचलून भिंतीला टेकवला.

२७ एप्रिल, रविवार

उपसा सकाळपासून. दोन डिझेल पंप. अख्खं गाव जमलं. मॅडम, तलाठी, दोन पंच. गुरुजी एका बाजूला हाताची घडी घालून उभे. आधी पत्र्याचे डबे आले, गंजून चाळण झालेले. मग प्लास्टिकच्या बाटल्या, पुष्कळशा बुचासकट भरलेल्या. वास असा की पंचांनी रुमाल लावले. काठावर ओळीनं मांडत गेले.

आधी पुरुषांच्या गप्पा चालू होत्या. कंपनीवाल्यानं टाकलं असन, कृषी केंद्रवाल्यानं टाकलं असन, जुना माल हाये. ओळ वाढत गेली तशा गप्पा कमी झाल्या. मी बायांकडे पाहत होतो. पदर तोंडाला, सगळ्याच. शेवंताबाई मात्र पुढं, उघड्या तोंडानं.

तिचा नवरा नामदेव. चांगला गडी, थट्टेखोर, माझ्याकडे कामाला येतो कधी कधी. ओळीजवळून चालत गेला आणि एका डब्याशी बसला. कडी तुटलेला डबा, कडीच्या जागी लाल वायर बांधलेली.

"ही गाठ माही हाये," म्हणाला.

कोणीतरी मागून म्हणालं, "मंग तुहा डब्बा इथी काय करून राह्यला लेका?" थोडं हसले.

नामदेवनं वर पाहिलं नाही. वायरीवर अंगठा फिरवत होता. "त्या दिवशी सारं घर धुंडलं म्या. कोठा धुंडला. गुरांच्या कुटारात हात घालून पाह्यलं." थांबला. "कपाशीवर माराले नव्हता पायजे मले."

पंप चालू होता तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

शेवंताबाई खालीच बसली. दोन सालं एका घरात राहून हे तिलाही माहीत नव्हतं. डबे उचलले ते भीतीनं, अंदाजानं. त्याच दिवशी तो शोधत होता, हे आज कळलं तिला.  आणि मग पाहिलं तर एकेक पुरुष त्या ओळीकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागलेला. कोणी जवळ जाईना. माझा आहे का म्हणून पाहायची हिंमत कोणाची होईना.

तलाठ्यानं विचारलं, "कोणी टाकलंय हे? कोणाला माहिती?"  नामदेवचं बोलणं मॅडमनी ऐकलं होतं, तलाठ्यानंही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तलाठ्यानं पेनचं टोपण लावलं. "राऊतभाऊ, मालक तुम्ही. ५ तारखेला तहसिलात जबाब द्यायला या."

जीपजवळ मॅडम एकट्या. "टाकणारा माहीत नाही म्हणालात तर सगळं तुमच्या गळ्यात येईल. वसाहतीला पाणी तुम्ही दिलंत. त्या बाईंना काही झालं तर गुन्हासुद्धा."

"अन् माहीत हाये म्हनलं तं?"

त्या जीपमधे बसल्या. 

३० एप्रिल

गिऱ्हाइकं इसार परत मागायला यायला लागली. देतो म्हटलं. भांडावंसं वाटत नाही.

वकील मित्र म्हणे, "गावातल्या लोकांनी टाकलं एवढं लिही, नावं नको. सुटशील." मग पोलीस गावात येणार, घरोघरी विचारणार. नामदेव त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून बसलाय. पहिलं घर त्याचंच.

इंदूला विचारलं. "तुमी कोनाची बाजू घ्याची ते मी नाही सांगनार. पर गुरुजीपासून लपवून जे कराल ते मले पटनार नाही."

तिचं बरोबर. तेच जमत नाहीये.

२ मे, शुक्रवार, दवाखाना

इथं व्हरांड्यात बसून लिहितोय. सुजाताबाईंना पहाटे कळा सुरू झाल्या. माझ्याच गाडीतून आणलं. दिवसांच्या थोडं आधीच आहे. डॉक्टरीणबाईंना विहिरीचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आत्ता काहीच सांगता येणार नाही. बाळ बाहेर येऊ द्या."

दुपारी बघतो तर शेवंताबाई. बसनं आली, कोणी बोलावलं नव्हतं. कापडात गुंडाळलेला डबा, मऊ भात, आणि थर्मासमधे उकळलेलं पाणी. गुरुजींच्या आईशेजारी बसली. तिला जेवायला लावलं, पाठीवर हात फिरवत राहिली. आई तिला म्हणत होती, "लय केलं बाई तुनं." शेवंताबाई खाली पाहत होती.

गुरुजी बाकावर माझ्या बाजूला.  आत्ता, एवढ्यात, म्हणाले, "भाऊ, पाच तारखेला तुमचा जबाब आहे."

"हाव."

"तुम्हाला माहीत आहे, कोणी टाकलं ते. मी वर्गात पोरांचे चेहरे वाचतो रोज. त्या दिवशी काठावर तुम्ही डब्यांकडे पाहत नव्हते."

मी गाडीची किल्ली या हातातून त्या हातात केली.

"मले नाव पायजे. शिक्षा करायले नाही. आत माही बायको हाये, मले कोनावर तरी राग धरू द्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग, नको तिकडे नजर गेली. शेवंताबाईनं डब्याचं झाकण लावायचं थांबवलं होतं. ऐकलं तिनं. उठली. पदर सारखा केला, आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"गुरुजी," म्हणाली.

दार उघडलं. नर्स. "मेश्राम कोण? आत या, लवकर."

गुरुजी गेले. दार लागलं. शेवंताबाई आहे तिथंच उभी आहे, दाराकडे तोंड करून. बस म्हटलं, बसत नाही. गुरुजींची आई भिंतीला कान लावून बसलीय.

माझे कान चांगले आहेत. आतून पावलं ऐकू येतात, भांडं ठेवल्याचा आवाज येतो, डॉक्टरीणबाई काहीतरी सांगतायत. रडण्याचा आवाज अजून आला नाही.